साथीला कोण?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांच्या मनात कामगार कायदा हा विषय असावा. आम्ही 'वर्षभरात ऐकलेल्या रेकॉर्डी' असा विषय कळविला. त्यावर त्यांचा पुन्हा निरोप आला, विषय नक्की हाच का? नक्की हाच. संगीताचे शास्त्र आम्हांस येत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. शाळा नववीपर्यंत, पुढे कारखान्यात उमेदवारी, आणि उरलेले शिक्षण नगरवाचनालयात, गेटसभेत व कामगार न्यायालयाच्या बाकांवर झालेले. रागाचे नाव कव्हरवर छापलेले असले तर आम्हांला राग ओळखता येतो, एरवी नाही. तेव्हा येथे बसलेल्या जाणकारांनी आज कानांना सुट्टी दिली तरी आमची तक्रार राहणार नाही.

आणखी एक. 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाने नव्हे. पंचवीस-तीस वर्षे गेटवर भाषणे केल्यावर 'मी' हा शब्द तोंडात बसत नाही. शिवाय या रेकॉर्डी एकट्याने ऐकलेल्याच नाहीत. युनियनच्या कचेरीत आम्ही पाच जण बसत होतो, आणि आज जे सांगणार आहोत त्यातले निम्मे त्या चौघांचे आहे.

आमचा एक मित्र होता. टर्नर. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात त्याने लेथवर एकतीस वर्षे काढली. १९९० नंतर घरोघरी कॅसेटी आणि मागाहून सीडी आल्या, तशा लोकांनी जुन्या रेकॉर्डी रद्दीत काढल्या. हा दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाई आणि गंजलेले पान्हे व मायक्रोमीटर यांच्या ढिगाशेजारी पडलेल्या रेकॉर्डी उचलून आणी. निवड अशी काही नव्हती. पंधरा-वीस रुपयांत मिळेल ते घ्यायचे. ख्याल, लावणी, सिनेमा, इंग्रजी, एकदा तर फ्रेंच भाषेच्या धड्यांची रेकॉर्ड. दोन वर्षांमागे तो गेला. वहिनी मुलाकडे राहायला निघाल्या, तिथे जागा अपुरी. त्यांनी टेम्पोतून सगळी खोकी आणि प्लेअर आमच्या कचेरीत आणून उतरविला. म्हणाल्या, "भाऊजी, विकल्यात तर पैसे फंडात घाला. पण भंगारात देऊ नका."

कार्यकारिणीत ठराव झाला की विकाव्यात. मुंबईहून एक व्यापारी येऊन किंमत सांगून गेला, ती आमच्या अपेक्षेहून बरीच मोठी निघाली. फंडाची स्थिती येथे सांगत नाही. ज्याने संघटना चालविली आहे त्याला ती सांगावी लागत नाही. एवढेच ठरले की विकण्याआधी प्रत्येक रेकॉर्ड एकदा वाजवायची. एकूण १७३ भरल्या. दसऱ्याला सुरुवात केली, दर शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर सात-आठ रेकॉर्डी, आणि शेवटची वाजली तेव्हा होळी आली होती.

पहिल्याच शनिवारी एक गोष्ट लक्षात आली. रेकॉर्डीच्या आतल्या कागदी पाकिटांवर मित्राने शिसपेन्सिलीने काही लिहून ठेवले होते. टर्नरचे अक्षर, ड्रॉइंगवर मापे लिहितात तसे. 'तबला' म्हणून पुढे नाव. 'पेटी', पुढे नाव. 'सारंगी', पुढे प्रश्नचिन्ह. कव्हरवर जे छापलेले नव्हते ते त्याने कुठून कुठून विचारून, वाचून मिळविले होते, आणि जे मिळाले नाही त्याची जागा राखून ठेवली होती. आम्हांला वाटले, छंदिष्ट माणसाचा चाळा. दोन-तीन शनिवार आम्ही त्याची थोडी थट्टाही केली.

सुरुवात जुन्या लाखेच्या तबकड्यांपासून केली. आपल्याकडे असे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली कलकत्त्यास. इंग्रजांच्या ग्रामोफोन कंपनीने गौहर जानला भोंग्यापुढे उभे करून गायला लावले. तबकड्या छापायच्या जर्मनीतल्या हानोव्हरला. तिथल्या कामगारांना आवाज कोणाचा ते कळावे म्हणून बाई गाणे संपल्यावर स्वतःचे नाव मोठ्याने पुकारीत. आम्ही ते वाचले होते, पण कानांनी ऐकणे वेगळे. हजेरीच्या वेळी खात्यात आपले नाव पुकारले की माणूस 'हजर' म्हणतो, तसे ते वाटले. फक्त हजेरी एकटीची. सारंगीवाला आणि तबलजी यांना कोणी पुकारायला सांगितले नाही.

मग अब्दुल करीम खाँसाहेब. मिरजेचे म्हणून आपलेच. त्यांची झिंझोटीतली ठुमरी सगळ्यांना ठाऊक आहे. या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते. रात्रभर गाणाऱ्या माणसाने तेवढ्यात जे बसवायचे ते बसवावे, सुई आत लेबलाशी पोहोचली की बंद. आमच्यातला सर्वांत धाकटा टूलरूममध्ये आहे, तो म्हणाला, "हे तर पीस-रेटवर गाणे झाले." आम्ही हसलो. मग पुन्हा लावली. घाई कुठेच ऐकू येईना. वेळ कमी आहे हे त्या आवाजाला जणू कोणी कळविलेच नव्हते. टाइम-स्टडीवाला घड्याळ घेऊन शेजारी उभा असताना आपल्या हातांना काय होते ते आम्हांला माहीत आहे, म्हणून या गोष्टीचे आम्हांला जास्त नवल वाटले.

किशोरीताई आमोणकरांच्या भूपाच्या लाँग प्ले रेकॉर्डीविषयी खरे तेच सांगतो. पाचांपैकी एक जण झोपला. आम्ही जागे होतो, पण पहिली दहा मिनिटे मन अन्य ठिकाणी होते, सोमवारी कन्सिलिएशनची तारीख होती. मग केव्हातरी तारखेचा विसर पडला. केव्हा, ते सांगता येत नाही. बाजू संपली तरी सुई तशीच फिरत राहिली आणि उठून ती उचलावी असे कोणास वाटले नाही. यापलीकडे त्या गाण्याविषयी बोलायची आमची पात्रता नाही.

'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची रेकॉर्ड मात्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात आवडली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या एका धनगराचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांच्या क्रमाने वाजविला आहे. ती काढणारे जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या मराठी भावगीताचे एक जुने गायक, हे कळल्यावर उगाच अभिमान वाटला. आमच्यातला एक जण कायम रात्रपाळीचा. तो म्हणाला, "अहिरभैरव सकाळचा ना? मग मला हा संध्याकाळी सहालाच पाहिजे. माझी सकाळ तेव्हा होते." रागांचे प्रहर ठरविणाऱ्यांनी तीन पाळ्यांचा विचार केलेला नाही, हे खरेच आहे. या रेकॉर्डीची चर्चा होते तेव्हा तीन नावे भराभरा येतात. चौथे, तबल्यावरच्या माणिकराव पोपटकरांचे, आठवून सांगावे लागते. मित्राच्या पाकिटावर ते नाव होते, खाली दोन रेघा ओढलेले.

इथून आमच्या ऐकण्याला एक वळण लागले. थट्टा बंद झाली. गाणे सुरू झाले की आम्ही पाठीमागे ऐकू लागलो. गायिकेच्या मागे तंबोरा कोण धरून बसले आहे, तिने सूर जरा सोडला की पेटीवाला तो कसा हातात धरून ठेवतो, गाणारा मध्येच थांबला की ठेका त्याची वाट कशी बघतो. आमच्या भाषेत दुसऱ्याचीच री ओढतो असे आपण नावे ठेवण्यासाठी म्हणतो. झील धरणाऱ्यालाही फारसा मान नाही. पण शाहीर अमर शेखांचा आवाज कितीही बुलंद असो, पोवाड्यात मागून झीलकऱ्यांचा 'जी जी' आला नाही तर शाहिराला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. आम्ही स्वतः गेटवर घोषणा देतो. मागून उत्तर आले नाही तर घोषणा देणारा किती ओशाळतो ते आम्हांला विचारा.

सिनेमाच्या रेकॉर्डींत 'अलबेला' निघाला, १९५१ सालचा. त्या शनिवारी कचेरीत नाच झाला हे आम्ही नाकारीत नाही. भगवानदादा गिरणी कामगाराचे पुत्र, संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, आणि त्यांच्याबरोबर काम करणारा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर व्हाझ. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी किती काम केले याची आम्हांस कल्पना नव्हती. चर्चच्या शाळांत त्यांना नोटेशन लिहायला-वाचायला शिकविले जाई. संगीतकार चाल गुणगुणून दाखवी, आणि पन्नास वादकांनी प्रत्येकी काय वाजवायचे ते हे लोक कागदावर उतरवून देत. नाव मात्र संगीतकाराचे. अँथनी गोन्साल्विस हे मडगावाजवळच्या माजोर्ड्याचे, व्हायोलिन शिकविणारे. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव गाण्यात घातले. सगळ्या देशाने ते नाव गायिले, आणि ते खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना कळले. आम्हांलाही पाकिटावरच्या पेन्सिलीनेच कळले.

इंग्रजी रेकॉर्डींना आम्ही थोडे बिचकून हात लावला. बीटल्सची 'सार्जंट पेपर' १९६७ सालची. तिच्या कव्हरवर चेहऱ्यांची जत्रा भरली आहे, त्यांत आपल्याकडचे चार योगीपुरुषही आहेत. गांधीजीही होते, हिंदुस्थानात लोक रागावतील आणि खप बुडेल म्हणून कंपनीने ते काढायला लावले. दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे मुख्यतः हिंदी वाद्यांवर आहे, दिलरुबा, तबला, तंबोरा. वाजविणारे लंडनमध्ये राहणारे हिंदी लोक. कव्हरवर चार योगी आहेत, या वादकांपैकी एकाचेही नाव नाही. पन्नास वर्षे उलटल्यावर, २०१७ साली, एका संशोधकाने त्यांचा माग काढला. जोशी, गज्जर, कंसारा, सोनी. याच मंडळींच्या आदल्या वर्षीच्या 'रिव्हॉल्व्हर'वर मात्र तबलजीचे नाव छापले आहे, अनिल भागवत. म्हणजे छापता येत नाही असे नव्हते.

पॉल रोबसनची रेकॉर्ड लागणार म्हटल्यावर त्या दिवशी कचेरीत आणखी दहा-बारा जण आले. युनियनवाल्यांचा गायक. अमेरिकन सरकारने १९५० ते १९५८ पर्यंत त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवला, तेव्हा १९५७ साली त्याने टेलिफोनच्या तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांपुढे गायिले, ही गोष्ट आम्ही कित्येक सभांत सांगितली आहे. आवाज तर डोंगराएवढा. तथापि खरे बोलायचे तर आम्ही जितके हलायला हवे होते तितके हललो नाही. आपल्यालाच उद्देशून बोललेल्या गोष्टीवर माणूस मान डोलावतो, आणि तिथेच थांबतो.

हललो ते भलत्याच रेकॉर्डीवर. मार्व्हिन गे या निग्रो गायकाची १९७१ सालची 'व्हॉट्स गोइंग ऑन'. इंग्रजी गाण्यांचे शब्द आम्हांला अर्धेच कळतात. व्हिएतनामहून परतलेला शिपाई, बेकारी, मुलांचे हाल, नासलेली हवा, असे विषय आहेत. एक गाणे संपून दुसरे कधी लागले ते कळत नाही. खाली एक बासगिटार आहे, ती एकसारखी बोलत असते. आमच्यातल्या एकाची प्रेसखात्यात दोन बोटे गेलेली आहेत. तो एरवी फारसे बोलत नाही. त्याने विचारले, "हे खाली कोण वाजवतो आहे?"

जेम्स जेमर्सन. बासच्या तारा तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडीत असे, हे वाचून दाखविल्यावर आमच्या मित्राने ती बाजू तीनदा लावायला सांगितली.

या रेकॉर्डीमागची हकीकत आम्ही मुद्दाम शोधून वाचली, कारण ती कारखान्याची आहे. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. बेरी गॉर्डी नावाचा तरुण तिथल्या एका मोटारकारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करीत होता. एका टोकाला लोखंडाचा सांगाडा येतो, दुसऱ्या टोकाला नवी कोरी गाडी बाहेर पडते, हे रोज पाहून त्याच्या मनात आले की गाणीही अशी काढता येतील. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने मोटाउन कंपनी काढली. एक घर घेतले, त्यात स्टुडिओ केला. लिहिणारे वेगळे, गाणारे वेगळे, माल बाहेर पाठवायचा की नाही हे ठरवायला दर आठवड्याला क्वालिटी कंट्रोलची बैठक. आणि वाद्ये वाजवायला एक ठरलेली तुकडी, तिला फंक ब्रदर्स म्हणत. जगभर गाजलेली त्या कंपनीची बहुतेक गाणी याच लोकांनी वाजविली. कव्हरवर नाव कधी नाही. १९७१ सालच्या या रेकॉर्डीवर ते पहिल्यांदा छापले गेले, आणि जेमर्सनच्या नावाला तर 'अतुलनीय' अशा अर्थाचे विशेषण जोडले.

पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. वादक नेहमीप्रमाणे कामावर आले तेव्हा दारावर नोटीस लावलेली होती.

हे वाचल्यावर कचेरीत कोणी काही बोलले नाही. नोटीस कशी चिकटवितात, चारही कोपऱ्यांना पट्टी लावून, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे. १९८३ साली मोटाउनचा पंचविसाव्या वर्षाचा मोठा समारंभ झाला, तेव्हा जेमर्सनने बाहेर काळ्या बाजारात तिकीट घेतले आणि मागच्या रांगेत बसून तो पाहिला. त्याच वर्षी तो वारला.

आता थोडा कायदा. चिटणिसांचीही इच्छा पुरी होऊ द्या. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि गीतकार, संगीतकार, गायक-वादक यांच्या मानधनाच्या हक्काला बळ मिळाले. ते चांगलेच झाले. पण त्याच दुरुस्तीने 'कलावंत कोणास म्हणावे' या व्याख्येला एक शेपूट जोडले. त्याचा आशय असा की, चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचे नाव कुठेही दिले जात नाही, तो एक किरकोळ बाब वगळता कलावंत समजला जाणार नाही. रिवाज कोणाचा? नाव न छापणाऱ्यांचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यावर आमची उमेदीची वर्षे गेली आहेत, तेव्हा हे वाक्य वाचताना आम्हांला चष्मा पुसावा लागला नाही. मस्टरवर नाव नाही म्हणून तो आमचा कामगार नाही, आणि आमचा कामगार नाही म्हणून मस्टरवर नाव नाही, हा युक्तिवाद आम्ही शंभरदा ऐकला आहे आणि शंभरदा खोडला आहे.

खोडला आहे, असे म्हणत होतो. त्या वेळी आम्ही ज्या खुर्चीवर बसलो होतो तिच्या मागच्या भिंतीवर एक फळा आहे. २००६ साली आमच्या इथे ४३ दिवसांचा संप झाला. करार चांगला झाला. वाटाघाटींच्या समितीतल्या सात जणांची नावे त्या फळ्यावर ऑइलपेंटने लिहिलेली आहेत, त्यांत तिसरे आमचे आहे. त्या संपात कँटीनचे अकरा कंत्राटी कामगार आमच्याबरोबर बाहेर आले होते. मागणीपत्रात त्यांची एकही मागणी नव्हती. मंडपात ४३ दिवस चहा आणि खिचडी त्यांनीच केली. करार होऊन आम्ही आत गेलो, कंत्राटदार बदलला, आणि ते अकराही जण बाहेर राहिले. फळा रंगवायला दिला तेव्हा आमच्या टर्नर मित्राने सभेत विचारले होते, "कँटीनवाल्यांची नावे?" आम्ही उत्तर दिले, आम्हीच, दुसऱ्या कोणी नव्हे: "ते आपल्या सभासद-यादीत नाहीत."

तो पुन्हा त्याविषयी कधी बोलला नाही. पेन्सिलीने पाकिटांवर नावे लिहायला त्याने केव्हा सुरुवात केली ते आम्हांला माहीत नाही. वहिनींना विचारले, त्यांनाही सांगता आले नाही.

माघ महिन्यात आम्ही शोधाला लागलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला काही जण आठवत होते. एक जण लातूरकडे परत गेला होता, एक जण चाकणला वॉचमन आहे, एक वारला, त्याच्या मुलाने नाव सांगितले. एकाने फोनवर विचारले, "आता कशाला?" त्याला आम्ही काय उत्तर देणार? नऊ नावे मिळाली. पेंटरला बोलावून सातांच्या खाली ती लिहून घेतली, आणि दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. कार्यकारिणीतल्या एका जुन्या सभासदाला हे पसंत नाही, वीस वर्षांनी नावे लिहून कोणाची नोकरी परत येते, असे तो म्हणतो. नाही येत. त्याचे म्हणणे आम्ही इतिवृत्तात नोंदविले आहे.

रेकॉर्डी विकल्या. सगळ्या नव्हे, ११२ विकल्या, पैसे वहिनींच्या सांगण्याप्रमाणे फंडात गेले. पाकिटावर जिथे जिथे प्रश्नचिन्ह होते त्या ६१ ठेवून घेतल्या. व्यापारी म्हणाला, नेमक्या चांगल्या किमतीच्याच ठेवल्यात की. असेल.

त्यांतली एक आज बरोबर आणली आहे. लावणीची जुनी तबकडी. लेबल अर्धे फाटलेले, बाईंच्या नावातले 'बाई' एवढेच उरले आहे. गाणे सुरू व्हायच्या आधी ढोलकीचा एक तुकडा येतो, फार तर दहा सेकंदांचा, आणि शेवटी बाई थांबल्यावरही तो माणूस आणखी एक थाप मारतो. पाकिटावर लिहिले आहे, 'ढोलकी', आणि पुढे प्रश्नचिन्ह दोनदा गिरविलेले. अध्यक्षांनी परवानगी दिली आहे. तबकडी येथेच लावतो. आपल्यापैकी जुन्या तमाशाच्या फडांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांनी कान देऊन ऐकावे, आणि हात ओळखीचा वाटला तर सभा सुटल्यावर आम्हांला गाठावे. आम्ही दाराशीच उभे आहोत.